शुगर आहे आणि टीबीची आयग्रा पॉझिटिव्ह आली. गोळ्या घ्यायच्या का?

जास्वंद_नाशिक

नमस्कार मंडळी. नवरा, वय ५१. टाइप २ मधुमेह आठ-नऊ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.२, म्हणजे पथ्याच्या नावानं आनंदच आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत लॅबवाल्यानं 'डायबेटिक पॅकेज' गळ्यात मारलं, त्यात आयग्रा नावाची रक्ततपासणी होती. ती पॉझिटिव्ह आली. खोकला नाही, ताप नाही, वजन कमी होण्याचं तर नावच नको.

रिपोर्टवर ठळक अक्षरात 'टीबी पॉझिटिव्ह' असं आहे आणि सासूबाईंनी तेवढंच वाचलं. तेव्हापासून ह्यांचं ताट-वाटी-भांडं वेगळं. एक डॉक्टर म्हणाले लगेच सहा महिने गोळ्या घ्या, दुसरे म्हणाले रिपोर्ट फाडून टाका. दोघेही एमडी. कुणाला अनुभव आहे का?

चहाटळ_चिवडा

रुमाल टाकून ठेवतो. मीही शुगरवाला, वाचायला बसलोय.

कडवट_कॉफी

धंदा आहे सगळा. आधी व्हिटॅमिन डी विकलं, मग बी१२, आता आयग्रा. आपल्या देशात निम्म्या लोकांची ही टेस्ट पॉझिटिव्ह येईल. फाडून टाका म्हणणारे डॉक्टर बरोबर आहेत.

ओपीडी_नंतर

निम्म्या नाही, पण कमीही नाही. आयसीएमआरचं २०१९ ते २०२१ मध्ये झालेलं राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण आहे, त्यात १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांत हा संसर्ग सापडला. म्हणजे लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावर तिघं बसलेत, तर त्यातल्या एकाला आहे असं धरून चाला. आपल्याकडे टीबीचा माणूस न भेटता वयाची पन्नाशी गाठणं अवघडच आहे.

जास्वंदताई, पहिलं काम: ताट-वाटी परत एकत्र करा. सुप्त संसर्ग म्हणजे जंतू शरीरात आलेला आहे, पण प्रतिकारशक्तीनं त्याला डांबून ठेवलंय. अशा माणसाच्या थुंकीतून काही बाहेर पडत नाही, तो कुणाला टीबी देऊ शकत नाही. आणि सक्रिय टीबीसुद्धा ताट-वाटीनं पसरत नाही, हवेतून पसरतो. हे सासूबाईंना मोठ्यांदा वाचून दाखवा.

दुसरं. आयग्रा 'रोग आहे' असं सांगत नाही. जंतूची दोन विशिष्ट प्रथिनं रक्तातल्या पेशींसमोर ठेवतात आणि पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात का ते मोजतात. सोडला, तर शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. गेल्या महिन्यात की कॉलेजात असताना, ते कळत नाही. जंतू अजून जिवंत आहेत का, तेही नाही. आणि सुप्त की सक्रिय, हे तर अजिबातच नाही. म्हणून रिपोर्टवर 'टीबी पॉझिटिव्ह' छापणाऱ्या लॅबला दोन शब्द सुनवायला हवेत.

आधी छातीचा एक्सरे काढून घ्या. मग बोलू.

लव्हाळे_आणि_पूर

शेतकरी माणूस आहे, मला हे असं समजलं: लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत पडून असतात, वर पात दिसत नाही. नांगरट झाली, पाणी मिळालं की वर येतात. शुगर म्हणजे ते पाणी. बरोबर का डॉक्टर?

ओपीडी_नंतर

चालेल. फक्त बहुतेकांच्या शेतात त्या गाठी जन्मभर वर येत नाहीत, हे जोडा. संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी टीबी होतो, आणि त्यातले बरेचसे संसर्गानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच. मधुमेह असेल तर हा धोका साधारण दोन ते तीन पट होतो. शुगर बेलगाम असलेल्यांत जास्त, ताब्यात असलेल्यांत कमी. साखर वाढलेली असली की जंतूला गिळणाऱ्या पेशी मंदावतात, इतर पेशींना निरोपही उशिरा पोचतो.

कडवट_कॉफी

तीन पट म्हटलं की लोक घाबरतात. तीन पट म्हणजे कशाच्या तीन पट? मूळ आकडा सांगा.

ओपीडी_नंतर

रास्त प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात लाखामागे १९५ नवे टीबी रुग्ण. ढोबळ हिशोबानं मधुमेहींत लाखाला चार-सहाशे धरा. म्हणजे वर्षाला हजारात चार ते सहा. एका माणसासाठी फार नाही. पण आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले. त्यांच्यातल्या एक तृतीयांशांना हा संसर्ग आहे असं धरा, आकडा तीन कोटींच्या वर जातो. एवढ्या लोकांना महिनोन्‌महिने गोळ्या द्यायच्या, त्यातल्या काहींचं यकृत बिघडणार (आयसोनियाझिड या मुख्य गोळीचा हा त्रास वयाबरोबर वाढतो, आणि आपले मधुमेही बहुतेक चाळिशी-पन्नाशीपुढचे), आणि टीबी वाचणार त्यांच्यातल्या थोड्यांचा.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की निव्वळ मधुमेह आहे म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी करून गोळ्या देऊ नका. दुसरं कारण असेल तर द्या. घरात टीबीचा रुग्ण, एचआयव्ही, डायलिसिस, अवयवरोपण, संधिवातासाठी घेतात ती अँटी-टीएनएफ इंजेक्शनं, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार), ही ती कारणं. भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही जोर याच गटांवर आहे.

तेव्हा कॉफीसाहेब, 'डायबेटिक पॅकेज'मध्ये आयग्रा घालणं हा धंदा आहे, यावर तुमच्याशी सहमत. रिपोर्ट फाडण्यावर नाही.

गोव्याची_भिवा

अवांतर: त्याच इंडियाब अभ्यासात मधुमेहात पहिला नंबर आमच्या गोव्याचा, २६.४ टक्के. आणि थुंकीत टीबी शोधणारं ट्रूनॅट मशीनही गोव्यातल्याच कंपनीचं. दोन्ही बाजूंनी आम्हीच.

न्यूजर्सीची_माई

माझा अनुभव लिहिते. मला दहा वर्षांपासून टाइप २ आहे. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत आयग्रा सक्तीची आहे, २०१८ पासून. माझी पॉझिटिव्ह आली. एक्सरे स्वच्छ. इथल्या आरोग्य विभागानं फोन करून बोलावलं आणि चार महिने रिफॅम्पिन दिलं. इथे पॉझिटिव्ह आली की 'घेऊन टाका' असाच सूर असतो, मधुमेह असेल तर जास्तच. सक्ती नव्हती.

लघवी भगवी, घाम भगवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावू नका म्हणाले, डाग पडतात. पण खरा त्रास शुगरचा झाला. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळची साखर २०० च्या वर. मी तेच खात होते, तेवढंच चालत होते. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड वाढवलं.

जास्वंद_नाशिक

माईताई, अमेरिकेत सगळ्यांना देतात आणि इथे नको म्हणतात, हे कसं?

ओपीडी_नंतर

याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

न्यूजर्सीत माईंनी गोळ्या घेतल्या, आतले जंतू मेले, विषय संपला. पुन्हा टीबीच्या माणसाशी गाठ पडायची शक्यता तिथे नगण्य. आपल्याकडे गोळ्यांचा कोर्स संपवून तुम्ही बाहेर पडता आणि त्याच शेअर रिक्षात, त्याच वर्कशॉपात परत जाता. पुन्हा संसर्ग होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत सुमारे सत्तावीस हजार कामगारांवर हा प्रयोग झाला होता. खाणीतल्या सगळ्यांनाच नऊ महिने आयसोनियाझिड. निकाल आला २०१४ मध्ये. गोळ्या चालू होत्या तोवर टीबी कमी, बंद केल्यावर फरक पुसला गेला. खाणींत टीबीचं प्रमाण आपल्या शहरांपेक्षा कितीतरी जास्त, सिलिकाची धूळ, एचआयव्ही, त्यामुळे थेट तुलना नको. पण धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मधुमेहींना सरसकट गोळ्या देऊन फायदा होतो का, हे पाहण्यासाठी टांझानिया आणि युगांडात खास चाचणी हाती घेतली गेली. त्यात आठवड्याला एक डोस, असे बारा आठवडे, आणि तुलनेला खोटी गोळी. अशा चाचण्यांतून ठोस काही हाती आलं की सूचना बदलतील. तोवर माझा नियम साधा आहे: 'मधुमेह' एवढ्यावर गोळ्या नाहीत, 'मधुमेह अधिक जवळचा रुग्ण' असेल तर टाळाटाळ नाही.

ताई, म्हणून विचारतो. गेल्या दोनेक वर्षांत घरात, शेजारी, कामावर कुणाला टीबी झाला होता का?

जास्वंद_नाशिक

घरात कुणालाच नाही. सासूबाईंना विचारलं, माहेरकडेही नाही.

काढा_प्रेमी

माझ्या मामांची अशीच टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. गुळवेल, अडुळसा आणि हळदीचा काढा घेतला, टीबी झालाच नाही. शुगरही उतरली.

ओपीडी_नंतर

काढा न घेणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनाही होत नाही.

तालुका_क्षय

नमस्कार. मी एका तालुक्यात सीनियर ट्रीटमेंट सुपरवायझर आहे, म्हणजे एसटीएस. डॉक्टर बोलले ते बरोबर, मी गावातलं सांगतो.

घरात थुंकीचा रुग्ण निघाला की घरातल्या सगळ्यांना भेटायचं, चार गोष्टी विचारायच्या: खोकला, ताप, वजन घट, रात्री घाम. मग एक्सरे. शक्य असेल तिथे कातडीची टेस्ट. आता सायटीबी आलंय, पुण्यात सीरममध्ये बनतं. जुन्या मॉन्टू टेस्टसारखीच हातावर सुई, ४८ ते ७२ तासांत बघायचं. फरक असा की मॉन्टूत लहानपणीच्या बीसीजीमुळे गोंधळ होऊ शकतो, यात होत नाही. आणि दोन्हींत लाली मोजायची नाही, हाताला लागणारा कडकपणा मोजायचा. मी बॉलपेन घेतो, हाताच्या एका कडेकडून गाठीकडे आडवं, हलक्या हातानं ओढत आणतो, जिथे पेन अडतं तिथे रेघ. समोरच्या बाजूनं तसंच. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं. सायटीबीत ५ मिलिमीटर आणि वर म्हणजे पॉझिटिव्ह, मॉन्टूत १०. नवीन पोरं लालसर गोल बघून १८-२० लिहून मोकळी होतात.

गोळ्या फुकट आहेत. अडचण दुसरीच. टीबीवाला गोळी घेतो, कारण त्याला त्रास होतोय. ज्याला काहीच होत नाही त्याला सहा महिने रोज गोळी घे म्हणणं म्हणजे डोकेफोड. 'मला झालंच नाही तर मी का खाऊ?' एका घरात मुलीचं लग्न ठरत होतं. आई मधुमेही, थोरला मुलगा टीबीचा. तिनं गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्याच्या मागे ठेवलेली, पाहुणे आले की घ्यायच्याच नाहीत. ती आठवड्याच्या कोर्सवर आली तेव्हा जमलं. सोमवारी मुलगी कामावर गेली की मी फोन करायचो, ती गोळ्या घ्यायची, संपला आठवडा.

चहाटळ_चिवडा

एसटीएस साहेब, दंडवत. आमच्याकडे लॅबवाला रीडिंगला फोटो व्हॉट्सअपवर मागतो.

तालुका_क्षय

फोटोत कडकपणा दिसत नाही हो. परत बोलवा म्हणावं.

जास्वंद_नाशिक

काल रात्री ह्यांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवत होते. कामावर कुणी, असं वाचलं आणि हे गप्प झाले. मग सांगितलं. नाशिकहून सिन्नर एमआयडीसीला चौघं एकाच गाडीनं जातात, रोज जाऊन-येऊन दीड तास. त्यातल्या एकाला मार्चमध्ये टीबी निघाला, थुंकीतच. त्याआधी दोन-तीन महिने तो खोकत होता आणि सगळे म्हणायचे सिगरेट सोड. थंडीचे दिवस, काचा बंद. त्यानं कंपनीत कुणालाच सांगू नका म्हणून शपथ घातली होती, म्हणून ह्यांनी मलाही सांगितलं नाही.

ओपीडी_नंतर

ताई, आता चित्र बदललं.

बंद गाडी, रोज दीड तास, खोकणारा माणूस शेजारी, आणि तेही दोन-तीन महिने. कागदावर हा 'घरातला संपर्क' नाही, पण काही घरांत भाऊ-भाऊ एकमेकांच्या एवढे जवळ दिवसभरात येत नाहीत. संसर्ग ताजा असण्याची दाट शक्यता, म्हणजे धोक्याची पहिली दोन वर्षं आत्ता चालू आहेत. वर एचबीए१सी ९.२. माझा रुग्ण असता तर एक्सरे स्वच्छ आल्यावर मी प्रतिबंधक उपचार सुचवले असते.

पण क्रम महत्त्वाचा. आधी सक्रिय टीबी नाही याची खात्री. मधुमेहींत टीबी कधीकधी फुप्फुसाच्या खालच्या भागात दिसतो, घाईत न्यूमोनिया म्हणून सुटतो, म्हणून एक्सरे नीट वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. शंका वाटली तर थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला. खात्री न करता एक-दोन औषधं सुरू केली आणि आत खरा टीबी असेल, तर जंतू त्या औषधांना सरावतात. सुप्त टीबीच्या उपचारात यापेक्षा मोठी चूक नाही.

मग यकृताची तपासणी, दारूचा प्रश्न, आणि पायांत मुंग्या-जळजळ आहे का ते. मुंग्यांचं विशेष. आयसोनियाझिडनं नसा दुखावतात, मधुमेहानंही दुखावतात, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं बी१२ कमी होऊन तेच होतं. तीन वाटांनी एकच तक्रार. आयसोनियाझिडबरोबर बी६ देतात ते यासाठी. मुंग्या आधीपासून जास्त असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावर निर्णय फिरू शकतो.

जास्वंद_नाशिक

दारू महिन्यातून दोनदा, असं ते म्हणतात. (मी काही म्हणत नाही.) मुंग्या नाहीत. सहा महिन्यांचा कोर्स की आठवड्याचा?

ओपीडी_नंतर

दारू कोर्सभर शून्य. 'असं ते म्हणतात' हेही डॉक्टरांना सांगा.

आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मुख्यतः दोन पर्याय. रोज आयसोनियाझिड, सहा महिने. किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदा, बारा डोस. दुसरा लोक पूर्ण करतात, यकृतालाही सहसा कमी त्रास, पण काहींना डोसच्या दिवशी फ्लूसारखी कणकण येते. आणि माईंना जे झालं ते इथेही होऊ शकतं. रिफापेंटिन रिफॅम्पिनचंच भावंड. दोन्ही यकृताला बाकीची औषधं भराभर निकालात काढायला लावतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, रिपाग्लिनाइड, पायोग्लिटाझोन, यांचा असर उतरतो. मेटफॉर्मिन आणि इन्सुलिनला याची फारशी झळ नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, बीपीची अम्लोडिपिन, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या यांनाही हाच नियम. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

न्यूजर्सीची_माई

यात एक भर. रिफॅम्पिन संपलं आणि वाढवलेलं ग्लिमेपिराइड तसंच चालू राहिलं. दोन आठवड्यांनी दुकानात रांगेत उभी असताना घाम, थरथर, साखर ५४. जातानाचं सगळ्यांनी सांगितलं होतं, येतानाचं कुणी सांगितलं नव्हतं.

ओपीडी_नंतर

माई, हे सोन्यासारखं लिहिलंत. यकृताचा वेग पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात घरी ग्लुकोमीटर हवाच आणि वाढवलेला डोस उतरवायची तारीख आधीच लिहून ठेवायची.

मालवणी_कालवण

डॉक्टरानू, माका आयसोनियाझिड चालू आसा. फार्मासिस्ट म्हणता बांगडो खाव नको. खरा की काय? बांगडो सोडूचो म्हणजे जीव सोडूचो.

ओपीडी_नंतर

खरं आहे. बांगडा, कुपा अशा माशांत, विशेषतः बर्फात नीट न ठेवलेल्या, हिस्टामिन साठतं. ते मोडणारं विकर आयसोनियाझिड अडवतं. मग तोंड लाल, डोकं ठणकणं, छातीत धडधड. लोकांना वाटतं बीपी वाढलं. गोळ्या आहेत तोवर या दोन माशांना सुट्टी. ताज्या बोंबलांबद्दल अशी तक्रार माझ्या कानावर नाही.

कडवट_कॉफी

गाडीचं वाचून मत बदललं. तरी पॅकेजवाल्यांबद्दलचं नाही बदललं.

एक शंका: शुगरवाल्यांनी, ज्यांच्या आसपास कुणी रुग्ण नाही, त्यांनी मग काहीच करायचं नाही?

तालुका_क्षय

असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, त्यात मधुमेही जोखमीच्या यादीत होते. लक्षण नसलं तरी एक्सरे काढायचा. शिबिर लागलं तर जा, आयग्रापेक्षा तो एक्सरे कामाचा. दोन आठवड्यांचा खोकला, किंवा कारणाशिवाय शुगर एकदम वर गेली आणि वजन उतरतंय, तर थुंकी द्या. असे रुग्ण मी बघतो: सहा महिने शुगरच्या गोळ्या बदलत राहतात, आत टीबी असतो. उलटंही करा, टीबी निघालेल्या प्रत्येकाची शुगर बघा, आमच्याकडे ती करतातच.

जास्वंद_नाशिक

अपडेट. एक्सरे स्वच्छ, दोन ठिकाणी वाचून घेतला. यकृत ठीक. तिसरे डॉक्टर गाठले, त्यांनी आठवड्याचा कोर्स लिहिला, ग्लिमेपिराइडच्या जागी काही दिवस थोडं इन्सुलिन घेऊ म्हणाले. रविवारी पहिला डोस. सासूबाईंनी ताट परत रॅकमध्ये ठेवलंय, वाटी अजून नाही.

कोर्स संपला की आयग्रा पुन्हा करायची ना, निगेटिव्ह झाली का बघायला?

ओपीडी_नंतर

नाही. ती बहुतेकांत पॉझिटिव्हच राहते, उपचार झाले तरी. पैसे जातील आणि सासूबाई वाटी पुन्हा वेगळी काढतील. कोर्स पूर्ण केल्याचा कागद मात्र जपून ठेवा, पुढे कुणी नव्यानं पॉझिटिव्ह म्हणून घाबरवलं तर दाखवायला.

आणि गाडीतले उरलेले दोघं?

जास्वंद_नाशिक

एकानं एक्सरे काढला, ठीक आहे. दुसऱ्यालाही शुगर आहे, तो तयारच नाही. म्हणतो दवाखान्यात गेलो की कंपनीत कळणार.

तालुका_क्षय

कंपनीला कळवायचं काही कारण नसतं, आमच्याकडून तर अजिबात जात नाही. सिन्नरच्या बाजूला आमचं कोण आहे ते विचारून तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करतो. त्याला म्हणावं कंपनीच्या वेळेत यायची गरज नाही, सकाळी सातला घरून निघताना एक्सरे होईल अशी सोय बघू.